खलबत्त्याचं पाऊल

"टोबालोकाका, आवाज सापडला!"

सरकारी कचेरीतल्या बेगोन्याबाई अंगणाच्या दारातूनच ओरडल्या, आणि टोबालोच्या हातातला पावाचा तुकडा वाडग्यात पडला. कोणाच्या लक्षात आलं नाही. रविवारचं जेवण, कोबी-चण्याच्या बेर्साची वाफ, आणि मंगळवारी सेव्हिलला जाऊन सरकारच्या हातून पदक घ्यायचं, म्हणून खलबत्तेवाल्यांचं घर नुसतं फुगलं होतं. खेरेसच्या सान्तियागो मोहल्ल्यात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. नाच जपणारं घर! इतकी वर्षं आम्हा जिप्सींकडे बघून रस्ता बदलणारे लोक आता हात मिळवायला थांबत होते.

"कसला आवाज?" एलिआसनं विचारलं. सरकारकडे पाठवायची फाइल टोबालोच्या या थोरल्या मुलानं केलेली, त्यामुळे सध्या सरकारशी बोलायचा मक्ता त्याचा.

"फिल्मचा! तुम्ही दिलेली ती अडुसष्ट सालची फिल्म मुकी नव्हतीच मुळी. आवाजाची टेप वेगळ्या डब्यात पडून होती, पॅरिसच्याच गोदामात. आमच्या माणसांनी दोन्ही जुळवलं. म्हटलं, मंगळवारी मोठ्या पडद्यावर दाखवण्याआधी घरच्यांनी बघायला नको का?" बाईंनी काखेतला लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्यासाठी एन्कार्नाला ऑलिव्हची बशी उचलावी लागली. एन्कार्ना म्हणजे टोबालोची मुलगी, तोंडानं फटकळ. "आधी जेवून तर घ्या बाई," ती म्हणाली. "आवाज काय पळून जातोय?"

पळून जाता आलं असतं तर टोबालो गेला असता. त्याचं वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यावरचा रुमाल त्यानं मुठीत चुरगळला.

एलिआसनं वर्षापूर्वी ही फिल्म शोधून काढली तेव्हा टोबालोनं मुलाला तीनदा विचारलं होतं, "मुकी आहे ना?" आणि मुलगा तीनदा म्हणाला होता, "मुकी आहे बाबा, एक अक्षर नाही." मग त्यानं परवानगी दिली होती. त्या फिल्ममध्ये जी नाचत होती ती त्याची धाकटी बहीण सोकोरो, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक होतं. जे कोणालाच ठाऊक नव्हतं ते हे, की गाणारा तो होता.

चोवीस वर्षांचा होता तेव्हा. द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत फ्रेंच लोक कॅमेरा घेऊन आले होते, आणि खानावळीच्या मागच्या अंगणात त्यांनी विचारलं, तुमच्या लग्नात काय गातात? दुसरा कोणी असता तर हसून विषय बदलला असता. आल्बोरेआ ही नवरीची असते. लग्नाच्या पहाटे, आपल्या माणसांत, दारं लावून गायची. परक्यांच्या पुढ्यात म्हटली की घराला बाधते, हे आमच्यात बोलायला शिकण्याआधी कळतं. पण टोबालोचा आवाज तेव्हा नुकताच तयार झाला होता आणि त्याला तो जगाला ऐकवायचा होता. "कोण बघतंय गं," तो बहिणीला म्हणाला, "चल, तू नाच." ती एकोणीस वर्षांची. थोरल्या भावानं सांगितलं, नाचली.

पुढे मासिकात फोटो छापून आला, खाली 'आल्बोरेआ' असं लिहिलेला. फोटोत एकटी ती होती.

त्यांच्या बापानं याच अंगणात सगळ्यांना बसवून विचारलं, गायला कोण? टोबालो बापाच्या उजव्या हाताला उभा होता. सोकोरोनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कोणीतरी पायो होता. आपल्यातला नव्हता." आणि टोबालो काही बोलला नाही. उद्या बोलू म्हणाला मनाशी. तीन आठवड्यांत त्याचं पहिलं मूल, साल्वा, तापानं गेलं, आणि मग ते बोलायची सोयच उरली नाही. सोकोरोला घर बंद झालं. लग्न नाही, बारसं नाही, मयत नाही. ती सान मिगेल चर्चच्या बाजूला खोली घेऊन राहिली. पायी वीस मिनिटांवर. टोबालो पन्नास वर्षांत तिकडून एकदाही गेला नाही.

"लावू का?" बेगोन्याबाईंनी विचारलं.

"जेवण गार होईल," टोबालो म्हणाला.

"पाच मिनिटांची तर आहे, बाबा!" एलिआस खुर्ची ओढून पुढे झाला.

एलिआसचंही काही अगदी निर्मळ नव्हतं म्हणा. सरकारचा नियम असा, की हा नाच पन्नास वर्षांपूर्वी याच घरात होता याचा पुरावा हवा. पुरावा म्हणून घरात होता एक पितळी खलबत्ता, ज्यावर पणजोबा ताल धरायचे आणि ज्यावरून घराला नाव पडलं. खलबत्ता काही साक्ष देत नाही. म्हणून त्यानं फिल्म शोधली. त्याची आई काताना म्हणाली होती, "आल्बोरेआ आहे ती. सरकारला दाखवायची?" त्यावर त्यानं असं डोकं चालवलं होतं, की गाणंच ऐकू येत नाही तर ती आल्बोरेआ कसली, नुसते हातपाय. काताना गप्प झाली. पदक तिलाही हवं होतं. आणि नाव कोणाचं घालायचं हा प्रश्न आला तेव्हा एलिआसनं फार विचार न करता लिहिलं होतं: 'घरातील एक अज्ञात नर्तकी.' लिहिताना कान तापले होते त्याचे. पण पुढचा रकाना भरायचा होता.

पडदा उजळला.

काताना उभीच होती, हातात पळी. तिनं ठरवलं होतं की बघायचं नाही, आणि ती बघत होती. अंगण दिसलं, खानावळीचं. पांढरी भिंत, उन्हात एक खुर्ची. आणि मधोमध सोकोरो, ठिपक्यांच्या झग्यात, केसांत काही नाही, हसू दाबलेलं. केवढीशी होती! कातानाच्या आठवणीत ती कोणी मोठी, उफाड्याची, घर बुडवणारी बाई होती. ही तर पोर होती, नात साराय आहे तेवढीच.

गाणं सुरू झालं. आवाज कोवळा, जरा चिरका. कोणाचाही असू शकला असता. टोबालोनं श्वास सोडला, आणि तो सोडलेला श्वास कातानानं ऐकला.

"आजी," साराय पुढे वाकली. एलिआसची ही मुलगी मंगळवारी व्यासपीठावर नाचणार होती. "आजी, हे बघ! हे तुझं पाऊल आहे. खलबत्त्याचं पाऊल! टाच, टाच, पंजा, आणि मग ठेचल्यासारखं..."

"घरचंच आहे ते," काताना म्हणाली.

"पण फाइलीत लिहिलंय की तू बसवलंस. चौऱ्याहत्तर साली."

 काताना नवी सून म्हणून आली तेव्हा सोकोरो सोळा वर्षांची होती, आणि लसूण ठेचता ठेचता पायानं त्याच ठेक्यावर खेळायची. कातानानं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून बघून उचललं. पुढे सोकोरोला घराबाहेर काढलं. कोणी विचारलं की काताना म्हणायची, घरचं आहे. मग विचारणारे वाढले. एका वर्षी कोणीतरी म्हणालं, तुझं पाऊल काय सुंदर गं, आणि ती नाही म्हणाली नाही. नंतर खेरेसच्या निम्म्या शाळांत ते तिच्या नावानं शिकवायला लागले.

"आणि शेवट वेगळा आहे," साराय म्हणाली. "ती डाव्या पायावर थांबते. आपण उजव्यावर."

"फिल्म उलटी छापली असेल," एलिआस म्हणाला.

"उलटी? मग मागची पाटी वाचता येतेय ती कशी?"

"गप्प बस आणि बघ."

सोकोरोनं हात वर नेले. गाणारा थांबला, त्याच्या टाळ्या वाढल्या, आणि तिचा पाय जमिनीवर शेवटचा पडायच्या क्षणी, कॅमेऱ्याबाहेरून, आनंदानं बेभान झालेला एक पोरगा ओरडला:

"कुट गं पोरी, कुट!"

फिल्म संपली.

 'कुट' म्हणून ओरडणारा माणूस साऱ्या खेरेसमध्ये एक होता. दुसरे लोक नाचणाऱ्याला शाबास म्हणतात, वाहवा म्हणतात. खलबत्तेवाल्यांच्या टोबालोनं एन्कार्नाच्या लग्नात ती आरोळी दिली होती, सारायच्या पहिल्या नाचाला दिली होती, परवा मोहल्ल्याच्या जत्रेत दिली होती. शेजारची पोरं त्याची नक्कल करायची. ती आपण तेव्हाही दिली होती, हे टोबालो साफ विसरला होता. गाणं लक्षात होतं, आरोळी नव्हती.

"अगं बाई, काय जिवंतपणा आहे!" बेगोन्याबाईंनी टाळ्या वाजवल्या. "कोण हो हा गाणारा? पडद्यावर नाव टाकायचंय. उद्या सकाळी दहापर्यंत कळवलं तरी चालेल. त्या नाचणाऱ्या बाईंचंही मिळालं तर फारच छान."

सगळ्यांनी टोबालोकडे पाहिलं. त्यानं वाडग्यातला भिजलेला पाव चमच्यानं दाबला.

"कोणीतरी पायो असेल," तो म्हणाला. "आपल्यातला नाही."

कातानाच्या हातातली पळी पातेल्याच्या कडेला लागून वाजली. हे वाक्य तिनं ऐकलं होतं. याच अंगणात, याच शब्दांत, त्या पोरीच्या तोंडून. कुठून आलं होतं आणि कोणासाठी आलं होतं, ते तिला आज कळलं. मान वर करून नवऱ्याकडे बघवेना तिला. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि त्यात निम्मी तिची स्वतःचीच होती.

बेगोन्याबाईंना एन्कार्नानं दारापर्यंत पोचवलं, हातात एक डबा बेर्सा दिला, आणि दार लावून ती परत आली ती पदर खोचल्यासारखी.

"पायो?" ती म्हणाली. "बाबा, पायो?"

"एन्कार्ना, ओरडू नको," एलिआस म्हणाला. "आवाजावरून काय कळतंय? पन्नास वर्षांपूर्वीची टेप आहे."

"कुट म्हणणारा एक पायो आणून दाखव मला. एक! मी त्याचे पाय धुते."

"मंगळवार होऊन जाऊ दे. मग बोला काय बोलायचं ते."

"वा! तुला पदकाचं पडलंय."

"मला एकट्याला? गेल्या आठवड्यात नवीन बूट कोणी घेतले? न्हाव्याकडे नंबर कोणी लावला? तू तर केस रंगवूनसुद्धा आलीस!"

एन्कार्नाचा हात केसांकडे गेला आणि खाली आला. ती बसली. तिला सोकोरो आठवत होती ती बाजारातली. लहानपणी एकदा मासळीच्या दुकानापुढे एका बाईनं तिच्या हनुवटीला हात लावला होता, आणि आईनं तिला खसकन ओढून नेलं होतं. पुढे मोठी झाल्यावर ती स्वतःच त्या बाईला बघून रस्ता ओलांडायला लागली. कोणी सांगावंही लागलं नव्हतं.

"बाबा, फाइलीत त्यांचं नाव काय लिहिलंय?" सारायनं विचारलं.

"जेव तू," एलिआस म्हणाला.

"वाच रे," काताना म्हणाली. ती अजून उभी होती. "मला अक्षरं नीट दिसत नाहीत. मोठ्यानं वाच."

एलिआसनं कपाटावरची फाइल काढली, पानं उलटली, जरा जास्तच वेळ उलटली. "घरातील एक..." त्यानं घसा खाकरला. "एक अज्ञात नर्तकी."

"अज्ञात," काताना म्हणाली. "सख्खी आत्या आहे तुझी. सान मिगेलच्या मागे राहते. नाचणाऱ्या बायकांच्या झग्यांना इस्त्री करून देते. गावातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे, आणि तू अज्ञात लिहिलंस. आणि मी ऐकून घेतलं."

"आई, तूच तर तिचं नाव घेऊ देत नव्हतीस!"

"हो. मीच." तिनं पळी खाली ठेवली आणि शेवटी नवऱ्याकडे वळली. "कोणाची कल्पना होती? गायची?"

टोबालो म्हणाला, "माझी."

"ती नको म्हणाली होती का?"

"एकदा म्हणाली."

"आणि साल्वा गेला तेव्हा? मी या इथे लोळत होते आणि किंचाळत होते की तिनं माझं लेकरू खाल्लं. तू माझ्याजवळ बसला होतास. काय केलंस तू?"

 वाइनचा पेला समोर होता, पण त्याला हात लावायची टोबालोला लाज वाटली.

"मान हलवलीस," काताना म्हणाली. "मला आठवतंय. हो हो म्हणून मान हलवलीस, आणि माझे केस सारखे केलेस. मला वाटलं, किती माया आहे या माणसाला."

एलिआसनं फाइल मिटली. साराय रडायला लागली होती, आणि तिला कोणी उगी म्हणत नव्हतं.

"तेव्हा भीती वाटली," टोबालो म्हणाला. "आणि मग लाज वाटली. मग लाज वाटते म्हणून बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून आणखी..."

"पुरे. आम्हाला कशाला सांगतोस? जा तिच्याकडे."

"आत्ता?"

"आत्ता. चौकातून जा. मागच्या गल्लीनं तोंड लपवून नको."

चौकात रविवारची दुपार ऐन रंगात होती. माणसं उन्हात पेले घेऊन उभी होती, आणि टोबालो दिसला तसे सगळे त्याच्याकडे वळले. "या या, पदकवाले!" "काका, अभिनंदन हो! मंगळवारी टीव्हीवर दिसणार ना?" एकानं पाठीवर थाप मारली. दुसऱ्यानं ओरडून दाखवलं, "कुट गं पोरी, कुट!" आणि सगळे हसले. टोबालो मान खाली घालून चालत राहिला. लोकांना वाटलं, मोठा माणूस, विनयानं वाकलाय. काय सांगायचं आता लोकांना!

दार उघडंच होतं. खोलीत इस्त्रीची वाफ, आणि भिंतीभर झालरीचे झगे टांगलेले, दुसऱ्यांच्या मापाचे. सोकोरोनं वर पाहिलं. केस पांढरे झाले होते. हसू दाबायची सवय तीच होती, फक्त दाबायला हसू नव्हतं.

"वहिनी बरी आहे ना?" तिनं पहिलं हेच विचारलं. एवढ्या वर्षांनी भाऊ दारात म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तिला वाटलं असणार.

"बरी आहे. सगळे बरे आहेत." टोबालो उंबऱ्याबाहेरच थांबला. "सोकोरो, तिला कळलं."

तिनं इस्त्री उभी ठेवली. "कोणी सांगितलं?"

"फिल्मचा आवाज सापडला. सरकारच्या बाईनं लावून दाखवलं. मी त्यात ओरडलोय..."

"म्हणजे यंत्रानं सांगितलं."

"हो."

"तू नाही सांगितलंस."

टोबालोला वाटलं होतं की दारात पोचलो म्हणजे अर्धं तरी काम झालं. काही झालं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "त्या बाईनं विचारलं तेव्हाही, पायो असेल म्हणालो. तुझंच वाक्य. सगळ्यांसमोर, म्हातारा झालेला मी." आणि तो रडायला लागला, नाक ओढत, अगदी बेढब. ती काही जवळ आली नाही.

"मी वाट बघितली रे दादा," ती म्हणाली. "पहिले तीन आठवडे. म्हटलं आज येईल, सांगेल. दारात पाय वाजला की उठायची. मग बाळाचं कळलं, आणि मी वाट बघणं सोडून दिलं."

"तू का नाही बोललीस? एका शब्दानं झालं असतं."

"कोणाला बोलू? वहिनीला? तिचं लेकरू गेलं होतं. वर हे सांगितलं असतं तर तिनं नवराही सोडला असता. मग काय उरलं असतं तिच्याकडे? मला धरून शिव्या देत होती ना, तेवढ्यावर उभी होती ती. म्हटलं, देऊ दे."

"ऐकलं मी," मागून आवाज आला.

काताना रस्त्यात उभी होती. घरातल्या सपाता, अंगावर स्वयंपाकाचं फडकं तसंच. धाप लागली होती. साराय तिच्या दंडाला धरून होती. कातानाही चौकातूनच आली होती, आणि तिच्या मागे दोन-तीन शेजारणी जरा अंतर ठेवून थांबल्या होत्या. मीही त्यांच्यात होते. आमच्या मोहल्ल्यात कोणाला कधी घाई नसते, पण त्या दिवशी सगळे जिन्यावरून पळत उतरले होते.

"एलिआसला सांगितलंय फिल्म परत घ्यायला," काताना म्हणाली. "मुकी काय आणि बोलकी काय. ती दाखवायची नाही कोणाला. पदक गेलं तर गेलं."

"बरं केलंस," सोकोरो म्हणाली. "ते चुकलंच होतं माझं. आपल्यातलं होतं ते."

"तुझं?" काताना एक पाऊल पुढे आली.  "साल्वाला आधीपासून ताप होता. फिल्मच्याही आधी. डॉक्टर म्हणाला होता, छातीत आहे, नेतो म्हणून, आणि मी नेऊ दिलं नाही. मला कोणाला तरी धरायचं होतं सोकोरो. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी."

टोबालोनं चमकून बायकोकडे पाहिलं. हे त्यालाही ठाऊक नव्हतं. एका पलंगावर पन्नास वर्षं झोपले होते दोघं.

"आणि तुझं पाऊल," काताना म्हणाली. आता ती थांबूच शकत नव्हती. "खिडकीतून बघून चोरलं मी. माझं म्हणून शिकवलं. पोरींना, गावाला, सगळ्यांना. सरकारच्या कागदावर माझं नाव आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"झगे न्यायला पोरी येतात ना इथे. वाट बघता बघता करत बसतात, कातानाबाईंचं पाऊल म्हणून." सोकोरोनं हात फडक्याला पुसले. "चुकीचं शिकवलंस गं वहिनी. शेवटचं पाऊल डावं आहे."

साराय रडता रडता म्हणाली, "मी म्हटलं होतं!"

 कातानानं एका हातानं झगा घोट्यापर्यंत उचलला. "दाखव."

"माझे गुडघे गेले. तू कर. मी सांगते."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मला सगळ्यांसमोरच काढलं होतं."

 टोबालोचे हात सवयीनं वर आले, टाळी धरायला.

"तू नको," सोकोरो त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू गप्प उभा राहा. ते तुला जमतं."

त्याचे हात खाली आले.

तिनं इस्त्रीच्या टेबलावर दोन बोटांनी ताल दिला. सत्तर वर्षांची काताना, जिच्या नावाचं पाऊल खेरेसमधल्या शेकडो पोरींनी गिरवलं, सपाता घालून फरशीवर नाचली. टाच, टाच, पंजा, ठेच. आणि शेवटी, पन्नास वर्षांच्या सवयीनं, उजवा पाय पडला.

तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. सोकोरोनं बोटं थांबवली, क्षणभर वाट पाहिली, आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"परत," ती म्हणाली.